पगार मोठा, पण आटून उरतो किती?

ग्रे कापडाचा ताका घेताना आपण व्यापारी केवळ मीटरचा भाव विचारून सौदा करत नाही. पन्हा मोजतो, वजन पाहतो, धुतल्यावर कापड किती आटेल याचा अंदाज घेतो आणि मगच बोलणे पक्के करतो. पण घरातल्या मुलाला नोकरी चालून आली की हीच व्यापारी अक्कल आपण गल्ल्यात ठेवून देतो. एकच प्रश्न विचारतो, "पगार किती?" आकडा मोठा असला की मुबारकबाद देऊन मोकळे होतो. आमच्याकडूनही हेच झाले, म्हणून हा विषय घेतला आहे.

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा दोन पत्रे घेऊन पेढीवर आला. मुलगा बी.कॉम., वय २६, लग्न झालेले, घरात दोन वर्षांची मुलगी आणि मधुमेहाने थकलेले वडील. एक पत्र मुंबईच्या तयार कपड्यांच्या निर्यात कंपनीचे, महिना ३५,००० रुपये. दुसरे भिवंडीतल्याच रंगाईच्या कारखान्याचे, हिशेबनीस म्हणून २०,००० रुपये. आम्ही ताबडतोब म्हणालो, "मुंबई. यात विचारायचे काय?" तो म्हणाला, "चाचा, तुम्ही रोज हिशेब मांडता. हाही एकदा मांडा."

मांडला. तो वाचकांसमोर ठेवतो.

हातात किती येते?

मुंबईचे ३५,००० म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा १,८०० रुपयांचा हिस्सा धरलेला. मुलाचा स्वतःचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात येणार ३१,२००. निधीचे पैसे बुडत नाहीत, साठतात, पण घर त्यावर चालत नाही. भिवंडीच्या पत्रात मालकाचा हिस्सा पगाराबाहेर होता. २०,००० मधून निधीचे १,८००, कर्मचारी राज्य विम्याचे १५० आणि व्यवसाय कराचे २०० गेले. हातात १७,८५०.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राज्य विमा योजना महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होते. ही मर्यादा २०१७ पासूनची आहे. कामगार पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि बायको-मुलांना तसेच अवलंबून असलेल्या आई-वडिलांना त्यातून उपचार मिळतात. पगार मर्यादेच्या वर गेला की हे छत्र जाते. मग विमा बाजारातून विकत घ्यावा लागतो. बायको-मुलीपुरता विमा घेतला तरी आम्ही महिना १,५०० रुपये धरले. आजारी वडिलांचा प्रश्न वेगळाच राहिला.

मुंबईला जायचे म्हणजे कल्याणपर्यंत रिक्षा, पुढे लोकल, दुपारचे जेवण बाहेर. याचे ५,००० धरले. भिवंडीत जाण्या-येण्याला ६०० पुरे. तेव्हा मुंबईचे उरले २४,७०० आणि भिवंडीचे १७,२५०.

तासाला किती पडते?

मुंबईत ९ तास कचेरी आणि दोन्ही वेळचा मिळून ४ तास प्रवास, म्हणजे घराबाहेर १३ तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३३८ तास. भिवंडीत प्रवासासह ९ तास, म्हणजे २३४ तास. भागाकार केला आणि आम्ही चकित झालो. मुंबईचा तास ७३ रुपयांना पडतो, भिवंडीचाही जवळजवळ तेवढ्यालाच! ज्याला आम्ही मोठा पगार म्हणत होतो, तो १०४ जादा तासांची किंमत होती. भाव तोच, फक्त माल जास्त विकला जात होता. आणि हा माल म्हणजे मुलाचे आयुष्य.

म्हणून मुंबईची नोकरी वाईट ठरते का? नाही. दोन्हीकडे नफा सारखा असेल तर निवड पगारावर करता येत नाही, दुसऱ्या गोष्टींवर करावी लागते, एवढेच या हिशेबाने दाखवले. त्यासाठी आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तीन वर्षांनी हाताला कोणते काम येईल? निर्यात कंपनीत परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार, नमुने, मालाची कागदपत्रे हे सर्व शिकता येते. असे शिक्षण मिळत असेल तर जादा तास हे भांडवल समजावे. तेच काम तीन वर्षे करायचे असेल तर ती नुसती मजुरी झाली.

दुसरा, हे कष्ट किती मुदतीचे? उधारीलाही आपण मुदत घालतो. "पुढे बघू" म्हणून सुरू झालेली धावपळ सहसा थांबत नाही. शरीरही त्याचा हिशेब ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

तिसरा, घरात त्याचा भार कोणावर पडतो आणि त्या माणसाला विचारले का? या प्रश्नावर आम्हाला बोलण्याचा फारसा हक्क नाही. आम्ही जवळजवळ वीस वर्षे महिन्यातले पंधरा दिवस सूरत आणि अहमदाबादच्या बाजारात काढले. धंदा वाढला, त्याची बरकत आजही खातो आहोत. पण एकदा थोरल्या मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना तिची इयत्ता तिलाच विचारावी लागली. ती काही बोलली नाही. फॉर्म तिने आमच्या हातातून घेतला आणि स्वतःच भरला.

शेवटी काय ठरले?

पुतण्याने दोन्हीकडे जाऊन विचारले. मुंबईच्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितले की माल जहाजावर चढायच्या दिवसांत रात्रीचे नऊही वाजतात. भिवंडीच्या मालकाला त्याने म्हटले, "नुसते खाते लिहायला लावू नका, रंग-रसायनांच्या खरेदीत आणि लागत काढण्याच्या कामात बसवा." मालक कबूल झाला. घरात आमच्या भावजयीला आणि सूनबाईला विचारले. त्याने भिवंडीची नोकरी घेतली, दोन वर्षांच्या मुदतीने. मुदत संपली की हिशेब पुन्हा मांडायचा. हाच मुलगा २१ वर्षांचा, बिनलग्नाचा असता आणि वडील धडधाकट असते, तर आम्ही त्याला मुंबईच्या गाडीत स्वतः बसवून दिले असते. नोकरी तीच असते, पण वय आणि घर बदलले की तिची किंमत बदलते.

आता दोन शब्द आपल्या व्यापारी बंधूंना. मुले दुकानात टिकत नाहीत, शिकली की पळतात, अशी तक्रार आपण चहाच्या पेल्याबरोबर रोज करतो. पण आपण त्यांना देतो काय? सकाळी दहा ते रात्री दहा उभे राहणे, सुट्टीची खात्री नाही, आणि आठ वर्षांनीही काम तेच, ताके उलगडणे नि घड्या घालणे. म्हणजे तरक्की नाही आणि घरी जायला वेळही नाही. दोन्ही नसलेला माल आपण तरी विकत घेऊ का?

हा हिशेब झाल्यापासून आम्ही पेढी नऊऐवजी आठला बंद करतो, आणि दोन जुन्या मुलांना आळीपाळीने सूरतेला खरेदीसाठी बरोबर नेतो. गिऱ्हाईक तुटलेले नाही. जे साडेआठला येत होते, ते आता साडेसातला येतात.