मोटारसायकलीवरील टिपणपत्र

मोटारसायकल आतां वऱ्हाडांत शेताच्या वाटेवरही नित्याची झाली आहे. परंतु स्वारानें सारी भिस्त मोबाईलवर ठेवणें इष्ट नव्हे. मेळघाटांत धारणीकडे जातांना तो कित्येक ठिकाणीं मुका होतो. सबब दोन जाड टिपणपत्रें करावीं. चाकांतील हवेचा दाब, तेलाची प्रत व साखळीचा ढिलेपणा हीं वाहनाच्या माहितीपुस्तकांतून उतरून एक पत्र आसनाखालीं ठेवावें.

दुसरें सदऱ्याच्या खिशांतच असावें, कारण बेशुद्ध स्वारास रुग्णवाहिका नेते, वाहन रस्त्यावरच राहतें. त्यांत नांव, रक्तगट, घरचा क्रमांक, तसेच १०८ व ११२ हे क्रमांक असावेत. फवारणीच्या हंगामांत मात्र आणखी एक ओळ रोज लिहावी : त्या दिवशीं वापरलेल्या औषधाचें नांव. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले. परततांना घेरी येऊन पडलेल्याच्या पोटांत वा अंगांत कोणतें विष गेलें, हें डॉक्टरांस कळलें पाहिजे. ॲट्रोपीन ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषावर चालतें, सर्वांवर नव्हे. डब्यावर घटकद्रव्य व प्रतिविष छापलेलें असतें, तेंही उतरावें. केवळ व्यापारी नांव पुरत नाहीं. शाई पावसानें फुटते, म्हणून शिसपेन वापरावें.