ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत : उत्तरापूर्वीच्या तयारीचा वेळ

प्रस्तावना

समोरासमोरच्या मुलाखतीऐवजी काही आस्थापना आता प्राथमिक फेरी ध्वनिचित्रमुद्रणाने घेतात. पडद्यावर प्रश्न दिसतो, तयारीसाठी साधारणतः अर्धा-एक मिनिट मिळते आणि मुद्रण सुरू होते. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील उमेदवाराचा पुण्या-मुंबईचा प्रवास त्यामुळे वाचतो. परंतु दिलेले उत्तर पुन्हा मुद्रित करण्याची मुभा अनेकदा नसते. म्हणून हा अल्प वेळ कसा वापरावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

श्रोत्याची अनुपस्थिती

संभाषणात श्रोता निष्क्रिय नसतो. ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ अशा हुंकारांतून आणि चेहऱ्यावरील भावांतून तो वक्त्याला दिशा देतो. मुद्रित मुलाखतीत हा आधार नाहीसा होतो. आपले म्हणणे पोहोचले की नाही, हे न कळल्याने उमेदवार एक तर तेच पुन्हा सांगतो किंवा मध्येच थांबतो. उत्तराची दिशा आणि शेवट त्याने स्वतःच आधी ठरवावा लागतो.

वाक्य नव्हे, क्रियापद

मानसभाषावैज्ञानिक विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार बोलण्याच्या प्रक्रियेत आशय ठरवणे, त्याची भाषिक रचना करणे आणि उच्चारणे असे टप्पे असतात. एरवी हे टप्पे जवळजवळ एकाच वेळी चालतात. तयारीच्या वेळात त्यांतील पहिला टप्पा वेगळा काढता येतो, हेच या वेळाचे महत्त्व. पूर्ण वाक्ये लिहू गेल्यास अर्ध्या मिनिटात जेमतेम दहा-बारा शब्द होतात. शिवाय बोलताना नजर कागदाकडे वळते आणि वाचनाचा सूर येतो.

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. ‘ग्राहकाने केलेली तक्रार मी...’ येथपर्यंत ऐकून ती ‘टाळली’ की ‘सोडवली’, हे श्रोत्याला कळत नाही. वक्त्यालाही ते ठरवता आले नसेल, तर वाक्य लांबत जाते आणि ‘म्हणजे’, ‘तसं बघितलं तर’ अशी भर पडते. म्हणून टिपणात क्रियापदे लिहावीत.

उदाहरण

समजा, आजऱ्यातील एका पदवीधर युवतीला प्रश्न आला : ‘कठीण प्रसंग तुम्ही कसा हाताळला?’ तिच्या बचत गटाने विक्रीस ठेवलेल्या आजरा घनसाळ तांदळात कणी जास्त असल्याची तक्रार एका ग्राहकाने केली होती. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या तांदळाच्या नावलौकिकाचाही तो प्रश्न होता. तिचे टिपण एवढेच असावे : ‘बदलून दिला – कारण शोधले – नोंदवही सुरू केली’. पहिले वाक्य थेट असावे : ‘मी तो तांदूळ त्याच दिवशी बदलून दिला.’ शेवटचे क्रियापद उच्चारले की उत्तर संपले. ते आधीच ठरलेले असल्याने थांबण्याची धास्ती उरत नाही.

बोलीविषयी एक सूचना

अनेक विद्यार्थी हा वेळ ‘शुद्ध’ शब्द शोधण्यात घालवतात. औपचारिक प्रसंगी प्रमाणभाषेचा वापर उचित आहे. पण तिचा सराव आधी व्हावा, त्या अर्ध्या मिनिटात नव्हे. उच्चारात गावाकडचा हेल आला म्हणून उत्तर कमकुवत ठरत नाही. काय केले हेच सांगायचे राहिले, तर मात्र ठरते.

सारांश

तयारीच्या वेळात एकच प्रसंग निवडावा, दोन-तीन क्रियापदे टिपावीत, पहिले वाक्य मनात म्हणावे आणि शेवट निश्चित करावा.

स्वाध्याय

१. मुद्रित मुलाखतीत हुंकाराच्या अभावाचा वक्त्यावर कोणता परिणाम होतो?
२. ‘तुम्ही घेतलेला एक निर्णय सांगा’ या प्रश्नासाठी तीस सेकंदांत केवळ तीन क्रियापदांचे टिपण करा. एक मिनिट बोलून ते भ्रमणध्वनीवर मुद्रित करा आणि कोणते वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचले नाही, ते ऐकून शोधा.