डोक्याला मार लागल्यावर बीसीएए पावडर घ्यावी का?

अपघातात डोक्याला मार बसतो, टाके निघतात, माणूस घरी येतो. पण नावं आठवत नाहीत, चार ओळी वाचल्या की लक्ष उडतं. मग कुणीतरी सुचवतं, 'जिमवाले घेतात ती बीसीएए पावडर सुरू करा.' हा सल्ला अगदीच हवेतला नाही.

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. शरीराला ती बनवता येत नाहीत. दूध, अंडी, डाळी, मांस यांतून मिळतात. मेंदू त्यांच्यातला नायट्रोजन वापरून ग्लुटामेट बनवतो आणि ग्लुटामेटपासून गाबा. ग्लुटामेट चेतापेशींना चेतवतं, गाबा त्यांना आवर घालतं. दुखापतीनंतर स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात हा तोल बिघडतो.

फिलाडेल्फियातल्या अकिवा कोहेन यांच्या गटाने जखमी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ही आम्लं मिसळली. पूर्वी जिथे विजेचा झटका बसला होता, ती जागा उंदीर पुन्हा ओळखू लागले. बातम्या झाल्या त्या इथवरच्या. पुढच्या प्रयोगात पाणी बंद केल्यावर काही दिवसांत फायदाही ओसरला, हे फारसं सांगितलं जात नाही.

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. 2005 मध्ये इटलीत गंभीर दुखापतीच्या रुग्णांना शिरेतून 15 दिवस बीसीएए दिल्यावर त्यांचं अपंगत्व काहीसं कमी झालं. अलीकडे अमेरिकेत डोक्याला धक्का बसलेल्या 11 ते 34 वर्षांच्या सुमारे 40 जणांना 21 दिवस पावडर किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय पावडर दिली. विचार करण्याच्या वेगात फरक पडला नाही. जास्त डोस घेणाऱ्यांच्या तक्रारी मात्र जास्त घटल्या. सर्वात मोठा डोस होता रोज 54 ग्रॅम! बाजारातल्या एका स्कूपमध्ये साधारण 5 ते 7 ग्रॅम असतात. म्हणजे सकाळचा एक स्कूप या प्रयोगाच्या जवळपासही जात नाही.

म्हणून स्वतःच आठ-दहा स्कूप ओतायचे? अजिबात नाही. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर इटलीतच बीसीएएची चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने ती थांबवावी लागली. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाशीही ही आम्लं मेंदूत शिरण्यासाठी स्पर्धा करतात. त्यामुळे पावडरचा डबा आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवावा. आणि मार लागल्यानंतर उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल, तर डबा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.