नामांतराचा कायदा आणि कागदावरील जुनें नांव

सार्वजनिक संस्थेचें नांव कायद्यानें पालटलें म्हणजे जुन्या नांवाखालीं निघालेल्या कागदांची नोंद कशी करावयाची, हा प्रश्न खानदेशांतील दप्तरें हाताळणारांपुढें आज उभा आहे. जळगांव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजीं पुणें विद्यापीठापासून निराळें होऊन स्थापन झालें. 2018 सालीं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 यांत दुरुस्ती होऊन त्यास 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' हें नांव मिळालें. विद्यापीठांचीं नांवें त्या अधिनियमाच्या अनुसूचींत नमूद असल्यामुळें संस्थेच्या नुसत्या ठरावानें तीं बदलत नाहींत. विधिमंडळाकडेच जावें लागतें. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची गोष्ट वेगळी. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यांत निवर्तले व त्यांच्या संग्रहाच्या जतनार्थ निघालेली ती संस्था जन्मापासूनच त्यांच्या नांवाची आहे.

अशा कायद्यांत बहुधा एक कलम असतें: कोणत्याही लेखांत जुनें नांव आल्यास तो नव्या नांवाचा निर्देश समजावा. हक्क, ठेवी, करार आणि दावे यांचें सातत्य राखण्यास हें कलम अवश्य आहे, व तेवढ्यापुरतेंच तें आहे. सूचीकारानें मात्र तें आपणांस लागू करून घेऊं नये. 1995 सालच्या पदवीपत्रावर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' एवढेंच छापलेलें असतां तें नव्या नांवाखालीं उतरून घेणें म्हणजे कागदावर नसलेला मजकूर त्याच्या पदरीं घालणें होय.

असें केल्यानें काय गमावतें, तें याच प्रांताच्या इतिहासावरून दिसेल. 1601 सालीं असीरगड अकबराच्या हातीं आला, फारुकींचें राज्य बुडालें, आणि शाहजादा दानियाल याच्या नांवावरून खानदेशास 'दानदेश' हें नांव देण्यांत आलें. आईन-इ-अकबरींत सुभ्याचा निर्देश त्याच नांवानें आहे. दानियाल थोड्याच वर्षांत वारला. बादशाही नांव मागें पडलें, आणि लोकांच्या तोंडचें खानदेश टिकलें. आतां एखाद्या फारसी कागदांत 'दानदेश' आलें असतां संपादकानें सोयीसाठीं तेथें 'खानदेश' छापलें, तर कागदाचा काळ ठरविण्याचें एक खात्रीचें साधन आपल्याच हातानें नाहींसें होतें.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. नवें नांव असलेला मूळ कागद नामांतरापूर्वींचा असूं शकत नाहीं. परंतु जुनें नांव असलेला कागद नामांतरापूर्वींचाच असेल, असें म्हणतां येत नाहीं. खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग 1906 सालीं झाले. त्यामुळें 'पश्चिम खानदेश' असा छाप असलेला कागद त्याआधींचा नव्हे, हें निश्चित. महाराष्ट्र राज्य झाल्यावर या जिल्ह्यांस जळगांव व धुळें हीं नांवें आलीं. तथापि जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जातात आणि लिहिणारांची संवय तर त्याहूनही चिवट असते. नक्कल करणाराही मूळांतील नांव जसेंच्या तसें उतरतो. म्हणून अक्षर, कागद व शाई यांची साक्ष सोडून केवळ जुन्या नांवावर काळाची उत्तरमर्यादा बसवूं नये.

बहिणाबाईंच्या बाबतींत तर नोंदीची काटेकोरी अधिकच हवी. त्यांस लिहितां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या सोपानदेव चौधरी प्रभृति आप्तांनीं उतरून घेतल्या म्हणून राहिल्या. 1951 सालीं त्या वारल्या व 1952 सालीं त्यांचा संग्रह छापून निघाला. तेव्हां अशा वहीच्या नोंदींत कर्त्रीचें नांव एका रकान्यांत व लेखकाच्या हाताचें दुसऱ्यांत असें निरनिराळें द्यावें. संग्रहांत असल्या वह्या क्वचितच येतात, आणि आल्या म्हणजे हे दोन रकाने हटकून एक केले जातात.

संस्थांच्या कागदांसाठीं प्रस्तुत लेखकास सोईची वाटणारी रीत अशी: मुख्य नोंद कागदावर असेल त्याच नांवानें करावी, शेजारीं सध्यांचें नांव व तें ज्या कायद्यानें आलें त्याचें साल द्यावें, आणि नव्या नांवाखालीं जुन्याकडे पाहण्याची सूचना ठेवावी. छापील यादीवर चिठ्ठ्या डकवून जुनीं नांवें झांकूं नयेत.