एका कंटेनरवरच्या तीन खुणा

देहूहून इंद्रायणी ओलांडून येलवाडीमार्गे उत्तरेला निघालं, की थोड्याच अंतरावर तळेगाव-चाकण रस्ता लागतो. खालुंब्रे, महाळुंगे, खराबवाडी ही नावं हल्ली गावांपेक्षा कंपन्यांच्या पत्त्यांतच जास्त वाचायला मिळतात. इथून गाड्या, इंजिनं, सुटे भाग भरलेले कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदराकडे जातात आणि परदेशी माल घेऊन तिकडून येतात. अशा एका कंटेनर-गाडीवर तीन वेगवेगळ्या रेडिओ चिपा असू शकतात: समोरच्या काचेवर फास्टॅग, दाराच्या कडीत ई-सील आणि दारावर लॉजिस्टिक्स डेटा बँकेचा टॅग. तंत्र एकच, आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख पटवण्याचं. धनी मात्र तीन. टोलनाक्याला पैसे हवेत, कस्टमला खात्री हवी आणि व्यापाऱ्याला आपला माल कुठे पोचला ते हवंय.

या चिपेत बॅटरी नसते. कणभर सिलिकॉन आणि त्याला जोडलेला धातूचा पातळ अँटेना, एवढाच तिचा संसार. रीडर रेडिओ लहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक त्याच लहरींवर उमटवून परत पाठवते. परावर्तित लहरींतून निरोप धाडण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 मध्येच मांडली होती. मालाच्या व्यवहारात ती रुळायला अर्धं शतक गेलं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. संस्थापकांत संजय सरमा हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी होते. चिपेत फक्त क्रमांक ठेवायचा आणि बाकी सगळी माहिती संगणकात, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे चिप स्वस्त झाली. 2003 मध्ये वॉलमार्टने आपल्या बड्या पुरवठादारांना खोक्यांवर टॅग लावायला सांगितलं आणि जगभरच्या गोदामांचं लक्ष इकडे वळलं. भारताने 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी परवानामुक्त केला.

काचेवरचा टॅग सगळ्यांच्या ओळखीचा. 2014 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेला फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर सक्तीचा झाला. गाडीत माल कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

कडीतलं सील जास्त बोलकं आहे. पूर्वी कारखान्यातच कंटेनर भरून निर्यात करायची, तर सरकारी अधिकाऱ्याने समोर उभं राहून सील लावण्याची पद्धत होती. साहेब येईपर्यंत भरलेली गाडी डिस्पॅचला खोळंबायची. 2017 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क मंडळाने ही रीत बदलली. निर्यातदाराने स्वतःच सील लावायचं, पण ते चिप बसवलेलं, एकदाच वापरता येणारं बोल्ट-सील. सीलचा क्रमांक, शिपिंग बिल, कंटेनर आणि गाडीचा क्रमांक यांची नोंद ऑनलाइन करायची. बंदरावर अधिकारी रीडर धरून सील वाचतो. ते शाबूत असेल तर काम पुढे सरकतं. छेडछाड दिसली, तर कंटेनर उघडून तपासणी.

तिसरा टॅग डेटा बँकेचा. केंद्र सरकार आणि जपानची एनईसी कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली ही सेवा 1 जुलै 2016 रोजी न्हावा शेव्याच्या याच जवाहरलाल नेहरू बंदरात पहिल्यांदा सुरू झाली. बंदराची फाटकं, कंटेनर डेपो, टोलनाके अशा ठिकाणी रीडर बसवले गेले. आता कंटेनरचा क्रमांक टाकला, की तो शेवटचा कुठे वाचला गेला ते पडद्यावर दिसतं. 'गाडी कुठाय?' म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला दर तासाला फोन करणाऱ्या स्टोअरमधल्या माणसाचं काम त्यामुळे हलकं होतं. पण दोन रीडरांच्या मधल्या रस्त्यात कंटेनर कुठे उभा आहे, हे हा टॅग सांगू शकत नाही. ते काम जीपीएसचं.

कारखान्याच्या आत मामला आणखी किचकट. लोखंड लहरी परतवतं, पाणी त्या शोषतं, आणि वाहन उद्योगात या दोन्हींना तोटा नाही. साधा चिकट टॅग पत्र्यावर लावला तर तो मुका होतो. म्हणून धातूसाठीचे, मधे अंतर राखणारे जाड टॅग वापरावे लागतात. रंगाच्या भट्टीतून जाणाऱ्या सांगाड्यासाठी उष्णता सोसणारे टॅग वेगळेच. उलटही घडतं: रीडरची ताकद जास्त ठेवली, तर शेजारच्या डॉकवर उभी ट्रॉलीसुद्धा 'आत आली' म्हणून नोंदली जाते. मग कागदावर माल आहे आणि लाइनवर शॉर्टेज. अँटेनाचा कोन आणि ताकद जागेवर उभं राहूनच जुळवावी लागते.

छोट्या पुरवठादाराचा हिशेबही सरळ आहे. बारकोडचं लेबल काही पैशांत छापून होतं, टॅगला काही रुपये पडतात. प्रत्येक नट-बोल्टवर टॅग लावणं परवडत नाही आणि गरजही नाही. तो शोभतो परत येणाऱ्या वस्तूवर: ट्रॉली, बिन, साचा. रिकाम्या बिन कुणाकडे अडकल्या यावरून पुरवठादार आणि कंपनी यांच्यात खटके उडतात. अशा वेळी शेकडो फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला जाणारा टॅग आपली किंमत वसूल करतो.

तिन्ही खुणा एकत्र पाहिल्या की त्यांची मर्यादा लक्षात येते. चिप फक्त स्वतःची साक्ष देते. बिनमध्ये पन्नास पार्ट आहेत की अठ्ठेचाळीस, हे तिला माहीत नसतं. सील शाबूत आहे एवढंच ती सांगते, सील लागण्यापूर्वी आत काय भरलं ते नाही. अधिकारी दारातून गेला, पण त्याच्या जागी निर्यातदाराचं स्वतःचं निवेदन आलं, आणि ते खोटं ठरलं तर जबाबदारीही त्याचीच. म्हणून आरएफआयडी बसवताना पहिला प्रश्न रीडर कुठल्या कंपनीचा, हा नसावा. टॅग आणि माल यांची गाठ कोण मारणार, आणि ती मारताना मोजणार कोण, हे आधी ठरवावं.