गाडी उलाळ का होते?

नावडे फाट्यावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा निघतो तेव्हा नीट पाहावे. क्षणभर त्याचे नाक वर होते, मागची बाजू दबते. ड्रॅग शर्यतीतली मोटार ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावर पुढची चाके अधांतरी घेऊन सुटते, त्याचे कारण हेच.

मागे ओझे जास्त झाले की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीत मात्र ओझे जागचे हलत नाही. रस्ता चाकांना पुढे रेटतो तो जमिनीलगत. गाडीचा गुरुत्वमध्य असतो अर्धा मीटर वर. त्या उंचीमुळे गाडी मागे कलू पाहते. १००० किलोची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर. ती गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने सुटली तर २०० किलो भार मागच्या चाकांवर जातो. पुढे ५०० किलो असतील, तर ३०० उरतात. चाके उचलायला अडीचपट त्वरण हवे. मोटारसायकल आखूड आणि स्वार उंच, म्हणून तिला त्याहून पुष्कळ कमी पुरते.

मागची चाके गाडी ढकलत असतील तर हा भार वरदानच, पकड वाढते. (आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींना पुढची चाके ओढतात, त्यांची चाके सुटतानाच जागच्या जागी घसरतात.) पण पुढची चाके उचलली गेली की सगळा भार मागे आलेला असतो. आणखी पकड मिळायची नसते, उरलेला जोर नाक उचलण्यात जातो आणि स्टिअरिंग निकामी होते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात तेव्हा चालक बहुधा वेळ गमावत असतो! म्हणून मागे छोट्या चाकांचा दांडा, व्हीली बार, लावतात. टॉप फ्युएल गाड्यांत तर चाकांमधले अंतरच साडेसात मीटरच्या वर नेलेले असते.

शेतात हा हिशेब जिवावर बेततो. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या वर बांधली, तर ओढ त्याला मागे उलथवू लागते. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकावर पालथा पडायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात क्लच दाबणे बहुतेकांना जमत नाही. साखळी आसाखालच्या ओढपट्टीलाच अडकवावी, आणि क्लच हळू सोडावा.