स्टोव्ह घरी ठेवून विश्रांतीला

आमच्या सहलींत एक वस्तू कायम सोबत असायची, ती म्हणजे स्टोव्ह. महाबळेश्वर असो की खुल्दाबाद, खोलीच्या गॅलरीत खिचडी शिजायचीच. हलालचा प्रश्न सुटायचा, पैसेही वाचायचे. पण घरातील स्त्रिया नाशिकहून निघून पुन्हा स्वयंपाकघरातच पोहोचायच्या. गेल्या वर्षी अम्मींच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली आणि घरात ठरले, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस नुसती विश्रांती. कुणी भाकरी थापायची नाही.

पहिला प्रयत्न फसला. शहराबाहेरच्या एका रिसॉर्टची ‘स्पा पॅकेज’ची जाहिरात पाहिली. फोनवर ‘लेडीज स्टाफ आहे’ असे सांगितले, आम्ही आगाऊ पैसे भरले. पोहोचल्यावर कळले की मालिश करणारी बाई रजेवर आहे. खांद्यावर टॉवेल टाकून एक तरुण उभा होता. तलाव सर्वांना एकच, वर मोठ्याने गाणी. अम्मी बुरख्यात दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. पैसे परत मिळाले नाहीत.

चूक आमचीही होती, आम्ही अर्धाच प्रश्न विचारला होता. ‘बाई आहे का’ एवढे पुरेसे नाही. आपल्या तारखेला, आपल्या वेळेला ती असेल का, हे विचारायचे आणि उत्तर मोबाइलवर लिहून घ्यायचे. खोलीला आतून कडी आहे का, तलावात स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे का, मांस कुठून येते आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही. असे विचारताना संकोच वाटतो खरा. पण पैसे आपले आहेत.

दुसऱ्या वेळी दोन पर्याय समोर ठेवले. एक, पुण्याजवळ उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम. गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ साली तो सुरू झाला. जेवण शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्नच मिटतो. मात्र तिथला दिनक्रम शिस्तीचा, आणि चहाशिवाय अम्मी एक सकाळही काढू शकत नाहीत! दुसरा पर्याय गरम पाण्याच्या झऱ्यांचा. कोकणात हे झरे ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून रत्नागिरीतल्या तुरळ-राजवाडीपर्यंत एका ओळीत पसरले आहेत. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि वर येते. नाशिकहून वज्रेश्वरी जवळ, पण सुट्टीत तिथल्या उघड्या कुंडांवर गर्दी असते. दापोली तालुक्यातील उन्हवरे येथे मात्र स्त्री-पुरुषांच्या स्नानाची वेगळी सोय आहे. लांब पडले तरी तेच ठरले.

तशी ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम आजही पाहता येतो. मुमताज महल १६३१ साली त्याच शहरात वारली. आमच्या घरातल्या जुन्या तांब्याच्या बंबालाही अम्मी हमामच म्हणतात.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे गेलो, हे बरे झाले. अम्मींना मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे. अशा माणसाला पाणी किती कढत आहे हे कळतच नाही, कातडी भाजली तरी समजत नाही. उन्हवऱ्याच्या झऱ्याचे पाणी उगमाशी सुमारे ७० अंश सेल्सिअस असते. रक्तदाबाचा त्रास असेल तर जास्त वेळ गरम पाण्यात बसल्याने चक्कर येऊ शकते. डॉक्टर म्हणाले, कुंडात उतरायचे नाही. दुसऱ्याने हात घालून पाहिलेले कोमट पाणी तांब्याने गुडघ्यांवर घ्यायचे, तेही दहा मिनिटे. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही आधी विचारावे.

नाशिकरोडहून ठाणे, तिथून कोकण रेल्वेने खेड आणि पुढे जीप. मुक्काम दापोलीला केला, एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घरगुती खोल्यांत. जेवण त्यांच्याकडेच, तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, एके दिवशी सांदण. मुसल्ला मागावा लागला नाही, किब्ल्याची दिशा पहिल्याच दिवशी मुलांनी दाखवली. उन्हवऱ्याला रविवार टाळून मंगळवारी सकाळी लवकर गेलो. गंधकाचा वास, पाण्यावर वाफ. अम्मी पायरीवर बसून गुडघ्यांवर पाणी घेत होत्या आणि आमच्या भाभी पलीकडे डोळे मिटून मानेपर्यंत पाण्यात होत्या. पंधरा मिनिटांनी हाक मारली, तर म्हणाल्या, ‘अजून थोडं.’

गुडघे बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. गोळ्या चालूच आहेत. पण त्या चार दिवसांत भाभी फजरनंतर पुन्हा झोपत होत्या, नऊ वाजेपर्यंत. लग्नानंतर असे पहिल्यांदाच झाले, हे त्यांनीच सांगितले.

परतीच्या गाडीत अम्मींनी विचारले, ‘पुढच्या वेळी तुरळ बघायचं का?’ आणि कुणी उत्तर द्यायच्या आत, ‘पण आधी विचारा, तिथे जेवण कोण करणार?’